सख्खी पुतणी

माझ्या नातीला सख्खे काका आहेत हे मला तिच्याच तोंडून कळलं. मला मुलगा एकच. तो तिचा बाप. तेव्हा हे काका कुठून उगवले ते निदान मला तरी माहीत असायला हवं होतं.

संध्याकाळी मी मेथी निवडत बसले होते आणि माझा मुलगा तिला ओट्यापाशी उभी करून काहीतरी पाठ करून घेत होता. मला वाटलं, पाढे असतील. तिसरीत होती तेव्हा ती.

"गाडी कोण चालवतंय?"

"माझे काका."

"नुसते काका नाही. नीट सांग."

"सख्खे काका. बाबांचे मोठे भाऊ."

"गाव कुठलं तुमचं?"

तिने जुन्नरकडच्या एका गावाचं नाव घेतलं. आमचं गाव कोकणातलं. तिचा आजोबा तिथल्या मातीत जन्मला, दर मे महिन्यात तिथे जाऊन आंब्याच्या पेट्या घेऊन यायचा, आणि त्याच्या नातीने त्याच्याच घरात उभं राहून त्याचं गाव बदलून टाकलं. मी मेथीची जुडी खाली ठेवली आणि मुलाला विचारलं, अरे, हे काय चाललंय.

"व्हॅनचं आहे आई. तू लक्ष नको देऊस."

लक्ष नको देऊस म्हटलं की मी हमखास लक्ष देते, हे त्याला इतक्या वर्षांत कळू नये याचं मला नवल वाटतं.

प्रकरण असं होतं. आम्ही राहतो कल्याणातून मोहन्याला जाणाऱ्या रस्त्यावर. नातीची शाळा विठ्ठलवाडीच्या पलीकडे. शाळेची स्वतःची बस आहे, चांगली पिवळी, खिडक्यांना गज असलेली, आत लक्ष ठेवायला बाई असलेली. पण ती आमच्या बाजूला येत नाही. का येत नाही, तर रस्ता खोदलेला आहे. तो रस्ता आम्ही राहायला आलो तेव्हाही खोदलेला होता. मुलगा ऐरोलीला जातो, सून अंधेरीला, दोघंही नातीच्या आधी घर सोडतात. राहिले मी. माझे गुडघे हे असे. म्हणून व्हॅन.

व्हॅन म्हणायचं, पण ती साधी घरची सात सीटची गाडी. प्रायव्हेट पासिंगची, म्हणजे पांढऱ्या नंबर प्लेटची. तिच्यात स्वतःच्या बायकामुलांना बसवून महाबळेश्वरला जावं, कोण अडवतंय. भाडं घेऊन शाळेची मुलं न्यायची तर मात्र वेगळा परवाना लागतो, पिवळी पाटी लागते, दरवर्षी गाडी तपासून घ्यावी लागते. ते काही त्याने केलेलं नव्हतं. सात सीटच्या गाडीत मुलं किती, ते मी मोजायचं सोडून दिलं होतं. मागच्या गॅसच्या टाकीवर फळी टाकलेली, फळीवर कोणाच्या तरी आईने शिवून दिलेली फुलाफुलांची गादी, आणि तिच्यावर सगळ्यांत लहान पोरं.

गाडी चालवणारा माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्याच्याबद्दल बरंच काही बोलणार आहे. राहायला मोहन्याला, मूळ जुन्नरकडचा, चाळिशीकडे झुकलेला. वडील तिथल्या कारखान्यात होते, कारखाना बसला तसं घरही बसलं. त्याने पडेल ती कामं केली आणि शेवटी ही गाडी घेतली. पोरांशी गोड बोलायचा. मला "आजी, हळू, पायरी आहे" म्हणायचा. पण गोड बोलणं म्हणजे ब्रेक नव्हे.

तर तपासणीवाल्यांनी अडवलं तर काय करायचं, यावर त्याने आणि आईबापांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपने मिळून तोड काढली होती. सगळी मुलं त्याची नातेवाईक. घरची मुलं घरच्या गाडीतून चालली आहेत, यात कोणाला काय म्हणायचं आहे. ज्यांची आडनावं वेगळी ती भाचरं. तो कोणाचा मामा, कोणाचा आत्याचा नवरा, एकाचा तर चक्क मावसभाऊ. ग्रुपवर आया आपापल्या मुलाचं नातं लिहून कळवत होत्या आणि खाली हसरे चेहरे टाकत होत्या. रस्त्यावर आरटीओची माणसं उभी दिसली की ज्याला दिसली त्याने ग्रुपवर टाकायचं, "शहाड पुलाखाली पाहुणे आलेत." मग गाडी गल्लीबोळांतून जायची. ज्यांनी आमच्या पोरांची काळजी करावी त्यांच्यापासून पोरं लपवायची, आणि टेहळणी कोण करणार, तर पोरांचेच आईबाप.

आमची नात या सगळ्यात वरच्या जागी होती. कारण आडनाव. आमचं आडनाव महाराष्ट्रात पैशाला पासरी. घाटावर आहे, कोकणात आहे, नगरला आहे, नाशकाला आहे. आणि त्या व्हॅनवाल्याचंही तेच. त्याच्या लायसनवर जे आडनाव तेच हिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर. त्यामुळे ती भाची नाही, पुतणी. आणि पुतणीही सख्खी. पोलीस पहिला प्रश्न पुढे बसलेल्याला विचारतात, म्हणून तिला पुढची सीट. तिला कोण अभिमान वाटायचा त्याचा. मागची पोरं दाटीवाटीने कोंबलेली आणि ही पुढे, काचेसमोर, दप्तर मांडीवर घेऊन.

मी त्याला विचारलं होतं, "अहो, हिला पट्टा का लावत नाही?"

"आजी, लहान पोरांच्या गळ्याला लागतो तो. गुदमरते ती. मी आहे ना."

पट्ट्याचा खटका सीटच्या नव्या कव्हराखाली गेला होता. मी हात घालून पाहिलं होतं.

आता मी कोण शहाणी लागून गेले, तर मी उभी नोकरी विमा कंपनीत काढली. क्लेमच्या टेबलावर. गाडी ठोकली, माणूस गेला, हात गेला, पाय गेला, ते सगळे कागद माझ्या टेबलावरून जायचे. घरगुती गाडीत भाड्याची माणसं बसवली आणि अपघात झाला की कंपनी हात वर करते, हे मला कोणी शिकवायला नको. माणसं समोर बसून सांगायची, हा आमचा चुलत भाऊ, हा आमच्या बहिणीचा दीर, असंच चाललो होतो, भाडं कसलं. मला त्यांचा राग यायचा आणि दयाही यायची. आता तोच धडा माझ्या घरात, माझ्या नातीला, तिचा बाप देत होता.

जेवताना मी विषय काढला. मुलगा म्हणाला, "आई, पंधरा मिनिटांचा प्रवास आहे. तू असं बोलतेस की तो तिला घाटातून नेतोय."

"गाडी ठोकायला घाट लागत नाही."

सून म्हणाली, "आई, मला पण नाही आवडत. पण सगळेच असं करतात ना. दुसरी व्हॅन आपल्या बाजूला येतच नाही. ह्याने नाही म्हटलं तर मी जॉब सोडायचा का? तेवढं सांगा मला."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिने नोकरी सोडावी असं मला कधीच वाटलं नाही. मी माझी सोडली नव्हती. पण उत्तर नाही म्हणून प्रश्नच चुकीचा, असं होत नाही.

"निदान तिला खोटं बोलायला नका शिकवू," मी म्हटलं.

"खोटं काय त्यात," मुलगा म्हणाला, "सगळी पोरं त्याला काका म्हणतातच की."

या एका वाक्यावर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपल्याकडे हे फार सोपं करून ठेवलंय. दूधवाला काका, वॉचमन काका, गॅसवाला काका, व्हॅनवाले काका. नाव विचारायचं नाही, पत्ता विचारायचा नाही, लायसन विचारायचं नाही. काका म्हटलं की झाला घरचा. त्याच आठवड्यात नातीच्या शाळेत सुरक्षेचा धडा झाला होता, अनोळखी माणसाच्या गाडीत बसू नये, चित्र रंगवून आणा. तिने लाल गाडी रंगवली, गाडीत मिशीवाला माणूस काढला आणि मला विचारलं, "आजी, आपले काका अनोळखी नाहीत ना?" मी म्हटलं, तुला त्यांचं नाव माहीत आहे का? ती म्हणाली, "काका."

मी शाळेत जाऊन आले. ऑफिसातल्या बाईंनी ऐकून घेतलं आणि समोरच्या पाटीकडे बोट दाखवलं. खासगी वाहनाशी शाळेचा संबंध नाही. म्हटलं, तुमच्या फाटकासमोर रोज उभी असते ती गाडी, संबंध नाही कसा? त्या म्हणाल्या, "मॅडम, फाटकाच्या आत येते का?" मग मी नातीला परिवहनच्या बसने नेऊ लागले. दोन बसा बदलायच्या. पहिली यायची तेव्हा दुसरी गेलेली असायची. तिला रोज उशीर, वर्गाबाहेर उभं राहणं, आणि घरी आल्यावर माझे गुडघे कणकेच्या गोळ्यांसारखे सुजलेले. सुनेनेच एक दिवस माझ्या पायाला मलम चोळता चोळता म्हटलं, आई, पुरे आता. नात तर आनंदाने पुन्हा पुढच्या सीटवर जाऊन बसली. मी रोज सकाळी तिला खाली सोडायला जायचे आणि दार लावताना त्या माणसाला एवढंच सांगायचे की हळू न्या.

थंडीच्या दिवसांतली दुपार होती. तिची गाडी यायची वेळ टळून गेली होती. मी खाली कट्ट्यावर बसून होते. फोन आला तो आमच्या घरच्या कोणाचा नाही, तिच्या वर्गातल्या एका मुलाच्या आईचा. म्हणाली, आजी, घाबरू नका, थोडंसं लागलंय. थोडंसं लागलंय हे शब्द मी टेबलापलीकडून फार ऐकले होते. मी तशीच रिक्षात बसले.

पुढे पाण्याचा टँकर होता. तो थांबला आणि हा थांबला नाही. थांबला, पण उशिरा. दुपारच्या शाळेची मुलं उचलायची होती त्याला, घाई होती. मागची पोरं एकमेकांवर आपटली, मुका मार लागला, रडली, घरी गेली. दाटीवाटीनेच त्यांना वाचवलं म्हणायचं. पुढची सख्खी पुतणी समोर फेकली गेली. हनुवटी फाटली, उजवा हात मनगटाच्या वर मोडला, आणि नुकतेच आलेले पुढचे दोन दात गेले. हे दुधाचे नव्हते. हे पुन्हा यायचे नाहीत.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा तिला टाके घालून झाले होते. चेहरा सुजलेला. मी तिच्या कपाळावर हात ठेवला. तिने डोळे उघडले आणि त्या सुजल्या ओठांतून मला पहिली गोष्ट काय सांगितली, तर, "आजी, मी बरोबर सांगितलं."

"काय सांगितलंस बाळा?"

"पोलीसबाईंना. त्यांनी गाडी थांबवली होती. मला विचारलं. मी सगळं सांगितलं, गाव पण."

मग तिच्याकडून तुकड्यातुकड्याने कळलं. शहाड पुलाच्या अलीकडे वाहतूक पोलीसबाईंनी गाडी बाजूला घ्यायला लावली होती. त्या दिवशी ग्रुपवर कोणी पाहुण्यांची वर्दी दिली नव्हती. बाईंनी आत डोकावून पाहिलं, एवढी मुलं कशी म्हणून विचारलं, खाली उतरवा म्हणाल्या. मग पुढे बसलेल्या मुलीला विचारलं, हे कोण तुझे? आणि माझ्या नातीने एका दमात सांगितलं. ओळखपत्र दाखवलं. बाईंनी लायसन पाहिलं. आडनाव तेच. त्या हसल्या, तिचा गाल ओढला आणि म्हणाल्या, जा, सांभाळून न्या. त्या बाईंना मी दोष देत नाही. त्यांनी एका लहान मुलीवर विश्वास ठेवला. लहान मुलीवर विश्वास ठेवू नये असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? पण ती गडबडली असती, अडखळली असती, रडली असती, तर गाडी तिथेच थांबली असती. सगळी पोरं रस्त्याच्या कडेला उतरली असती, आया चिडल्या असत्या, ग्रुपवर गोंधळ झाला असता, आणि माझ्या नातीच्या तोंडात दात असते.

मुलगा आला, सून आली. सून पलंगाजवळ उभीच होती, तिला मी खुर्चीवर बसवलं. मुलाचा फोन सारखा वाजत होता. तो बाहेर जाऊन बोलायचा, आत यायचा, पुन्हा बाहेर जायचा. मला वाटलं, ऑफिसचे असतील. ते ग्रुपवाले होते. परीक्षा तोंडावर आली आहे. केस झाली तर गाडी जमा होईल. मग आमच्या मुलांनी कसं जायचं? त्याचंही पोट आहे हो, त्यालाही दोन मुलं आहेत. व्हॅनवाला स्वतः दवाखान्याच्या जिन्यात बसून होता. मी पाणी आणायला गेले तेव्हा त्याने माझे पाय धरले. मी पाय मागे घेतले. त्याच्याही कपाळाला खोक पडली होती, ती मला दिसली, आणि तरी मी बाटली भरून आत निघून गेले.

दवाखान्यातून पोलिसांना कळवतातच. हवालदार आले. वयस्कर, शांत माणूस. टोपी काढून काखेत धरली आणि मुलाला विचारलं, "गाडी चालवणारा तुमचा कोण?"

माझ्या मुलाने माझ्याकडे पाहिलं नाही. "भाऊ आहे साहेब. घरचीच गाडी. आमची काही तक्रार नाही."

मी हातातली बाटली खाली ठेवली. म्हटलं, "साहेब, तो आमचा कोणी नाही. मला हा एकच मुलगा आहे. ही भाड्याची गाडी आहे, शाळेच्या मुलांना नेते, परवाना नाही. आज तिच्यात मावणार नाहीत इतकी मुलं होती. बाहेर जिन्यात बसलाय तो, त्याला विचारा."

सुनेने डोळे मिटून घेतले. हवालदार माझ्याकडून मुलाकडे, मुलाकडून माझ्याकडे पाहत राहिले. मग ते वाकले आणि नातीला म्हणाले, "बेटा, तू सांग. कोण होतं गाडी चालवायला?"

"माझे काका," ती म्हणाली. "सख्खे. बाबांचे मोठे भाऊ."

"आणि आजी म्हणते ते?"

तिने माझ्याकडे पाहिलं. टाक्यांमुळे तिला नीट बोलता येत नव्हतं, तरी तिने एकेक शब्द स्पष्ट काढला. शाळेत बाईंना उत्तर देताना काढावा तसा.

"आजी खोटं बोलते."

मुलगा घाईघाईने म्हणाला, "साहेब, वय झालंय तिचं. धक्का बसलाय. तिचं मनावर घेऊ नका."

हवालदारांनी टोपी घातली. "काळजी घ्या आजी," म्हणाले आणि गेले. क्लेमच्या टेबलावर बसून मी किती जणांना म्हटलं असेन, तुमच्या मुलांना विचारा, मुलं खोटं बोलत नाहीत. तेव्हा खरंच नसतील बोलत.

मुलाशी त्या रात्री मी भांडले नाही. तोच आला माझ्या खोलीत. म्हणाला, "आई, केस करून तिचे दात परत येणार होते का?" मी म्हटलं, नाही. "मग?" म्हणाला. मग काही नाही. दिवा मालव म्हटलं.

हात प्लास्टरमध्ये होता तोवर ती घरीच होती. माझ्याशी बोलायची, पत्ते खेळायची, गोष्ट सांग म्हणायची. मुलांच्या मनात राहत नाही काही, असं सून म्हणत होती आणि मलाही तसंच वाटायला लागलं होतं. प्लास्टर निघालं. व्हॅनवाल्याने गाडीची पुढची काच बदलून घेतली होती. ग्रुपवर सगळ्यांनी नमस्काराचे हात टाकले. दुसरी व्हॅन अजूनही आमच्या बाजूला येत नव्हती.

शाळा पुन्हा सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी मी तिचं दप्तर भरत होते. अजून कच्च्या हाताने तिला वजन पेलणार नाही म्हणून पुस्तकं कमी करत होते. मुलगा सोफ्यावर बसला होता. या वेळी त्याने तिच्याकडून काही पाठ करून घेतलं नाही, तेवढी लाज त्याला होती. त्याने फक्त विचारलं, "उद्या मागे बसशील ना, बेटा?"

"हो," ती म्हणाली. मग त्याच्या अगदी जवळ गेली आणि त्याच्या कानाशी बोलली. तिचा समज असा की आजीला कमी ऐकू येतं.

"बाबा, उद्यापासून आजीला खाली नका पाठवू. कोणी विचारलं तर ती सांगून टाकेल."

दुसऱ्या दिवशी वॉचमनने तिला गाडीत बसवलं. मी वरून खिडकीतून पाहिलं. तिने वर पाहिलं नाही.